मातीला चुना लावताना

कोणी विचारलं काय काम करता, तर मी सांगतो मातीला चुना लावतो. समोरचा हसतो, मी पण हसतो आणि विषय तिथेच मिटतो. खरं काम म्हणजे बांधकामाखालची चिकट माती चुना मिसळून पक्की करणं. पण मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला आणि नमस्कार नाही चमत्कार नाही, थेट, "अरे शेडच्या पायाखाली सगळी चिकणमाती निघालीये, किती टक्के चुना टाकू?"

म्हटलं माती कसली आहे? तो म्हणाला सांगितलं ना, चिकणमाती. म्हटलं लिक्विड लिमिट किती (म्हणजे किती पाण्याला माती वाहायला लागते), प्लास्टिक लिमिट किती (म्हणजे किती कमी पाण्यापर्यंत ती वळता येते), सल्फेट चेक केलंस का? तर म्हणे भाषण नको रे, आकडा सांग. मी आकडा काही दिला नाही आणि त्याने वैतागून फोन ठेवला. तर ते राहिलेलं भाषण आता इथे.

पहिली गोष्ट, "चिकणमाती" हा एक शब्द असला तरी त्यात निदान तीन वेगवेगळ्या स्वभावाची मंडळी राहतात. २ मायक्रॉनपेक्षा बारीक कण असले की आपण त्याला क्ले म्हणतो, पण बारीक असणं हा मुद्दा अर्धाच. हे कण वाळूसारखे गोलमटोल नसतात, पापुद्र्यांसारखे असतात, एकावर एक रचलेले. केओलिनाइटचे पापुद्रे एकमेकांना बऱ्यापैकी घट्ट धरून असतात, पाणी आत शिरत नाही, एका ग्रॅममध्ये पृष्ठभाग धरला तर १०-२० चौरस मीटर. इलाइटमध्ये पापुद्र्यांच्या मधल्या खळग्यांत पोटॅशियम असं चपखल बसलेलं असतं की जणू स्टेपलर मारलाय. आणि मग येतो माँटमोरिलोनाइट, आमचा खरा गिऱ्हाईक. याचा एक पापुद्रा साधारण १ नॅनोमीटर जाड, पापुद्र्यांमधली पकड एकदम ढिली, पाणी सरळ आत घुसतं, आणि एका ग्रॅमचा पृष्ठभाग जवळपास ८०० चौरस मीटर, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही एवढ्या मातीत दोन बास्केटबॉल कोर्ट पसरलेत असं समजा. या सगळ्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्याला सोडियम, कॅल्शियम असले धन आयन चिकटलेले असतात, आणि त्या आयनांभोवती पाण्याचं कोंडाळं. माती फुगते, वाळली की भेगाळते, ओली असताना बुटाला अशी चिकटते की पाय वर येतो आणि बूट खाली राहतो, ते सगळं या कोंडाळ्यामुळे.

आता यात चुना टाकला की काय होतं ते मला पुस्तकातून कधीच नीट कळलं नव्हतं. कळलं ते लॅबमधल्या काकांमुळे. (टेक्निशियन होते, रिटायर व्हायला आलेले, आम्ही सगळे काकाच म्हणायचो, त्यांना सर म्हटलेलं आवडायचं नाही.) नवीन होतो तेव्हा त्यांनी मला काचेवर मातीची वळी वळायला बसवलं. प्लास्टिक लिमिटची टेस्ट ती हीच, तळहाताखाली माती वळत वळत ३ मिलिमीटरची दोरी करायची, आणि त्या जाडीला आल्यावर ती जेव्हा तुटायला लागते तेव्हा तिच्यात किती पाणी आहे ते मोजायचं. १९११ साली आटरबर्ग नावाच्या स्वीडिश केमिस्टने ही कल्पना मांडली आणि शंभराहून जास्त वर्षं झाली तरी आपण अजून तळहातानेच वळतोय, मला याचं फार कौतुक वाटतं. तर ती माती इतकी लोचट होती की दोरी तुटेचना, ३ मिलिमीटरच्या खाली २ मिलिमीटर, शेवयांसारखी वळली जात होती. काकांनी मग त्याच मातीच्या दुसऱ्या गोळ्यात थोडा विरवलेला चुना कालवला, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला आणि म्हणाले चहा पिऊन ये. तासाभराने आलो आणि तेवढ्याच ओलीला वळायला घेतलं तर दोरी होण्याआधीच रव्यासारखी फुटली. पाणी तेवढंच, माती तीच, पण हाताला लागत होती वाळूमिश्रित मातीसारखी. काका म्हणाले, "बघ, अजून घट्ट झालेलीच नाहीये ती. फक्त चिकटपणा गेलाय."

हे वाक्य माझ्या मित्रासारख्या लोकांनी लिहून ठेवायला पाहिजे, कारण निम्मे घोळ इथेच होतात. लोकांना वाटतं चुना म्हणजे गोंद, जास्त टाकला की जास्त चिकटणार. पहिल्या काही तासांत चुना चिकटवायचं काम करतच नाही, उलट करतो. चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांवरच्या सोडियमला उठवून स्वतः जागा घेतं, कॅल्शियमवर दुप्पट भार, म्हणून पाण्याचं कोंडाळं आक्रसतं, पापुद्रे एकमेकांच्या जवळ येतात आणि कडेला कड, तोंडाला कड असे अस्ताव्यस्त गठ्ठे बनवतात. गठ्ठा मोठा झाला की माती खरबरीत. प्लास्टिक लिमिट वर जातं, प्लास्टिसिटी इंडेक्स, म्हणजे लिक्विड आणि प्लास्टिक लिमिटमधला फरक, खाली येतो, साइटवर मशीन फिरायला लागतं. नुसता चिखल आवरून गाड्या चालवायच्या असतील तर १-३ टक्के चुन्यात एवढं काम बहुतेक वेळा होतं.

ताकद येते ती दुसऱ्या क्रियेतून, आणि तिला घाई चालत नाही. चुना पाण्यात पुरेसा असला की मातीतल्या पाण्याचा पीएच १२.४ च्या आसपास जातो, आणि एवढ्या अल्कलीत क्लेचे पापुद्रे स्वतःच विरघळायला लागतात, त्यांच्यातलं सिलिका आणि अल्युमिना सुटं होतं, ते कॅल्शियमशी जोडलं जातं आणि सिमेंटमध्ये बनतात त्याच जातीचे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट वगैरे तयार होतात. म्हणजे सिमेंट बाहेरून येत नाही, माती स्वतःला खाऊन सिमेंट बनवते, चुना फक्त तिला भाग पाडतो. या क्रियेला पोझोलॅनिक म्हणतात, इटलीतल्या नेपल्सजवळच्या पोझुओली गावच्या ज्वालामुखीच्या राखेवरून, रोमन लोक ती राख चुन्यात मिसळून बांधकाम करायचे. आठवडे, महिने, कधी वर्षानुवर्षं ही क्रिया चालू राहते. थंडीत पारा ५ डिग्रीच्या आसपास गेला की जवळपास झोपी जाते, म्हणून गार हवामानात ऐन हिवाळ्याच्या तोंडावर हे काम काढू नये.

मग किती टक्के? आता आलो मूळ प्रश्नावर. १९६६ साली इड्स आणि ग्रिम या दोघांनी एक साधी टेस्ट दिली, ती मला आजही सगळ्यात आवडते. चाळलेली कोरडी माती पाच-सहा बाटल्यांत सारखी भरायची, प्रत्येकीत वेगळा चुना, २ टक्के, ३, ४, ५, ६ असा, वर पाणी, आणि तासभर मधून मधून हलवायचं. मग पीएच मोजायचा. ज्या सगळ्यात कमी टक्केवारीला पीएच १२.४ ला पोचतो तिथे मातीची स्वतःची भूक भागली असं समजायचं, त्याच्या खाली टाकलेला चुना ती नुसता पचवून टाकते आणि ताकदीसाठी काही उरत नाही. म्हणजे ३ टक्क्यांची भूक असलेल्या मातीत तुम्ही २ टक्के टाकलात तर चिकटपणा थोडा कमी होईल आणि काही महिन्यांनी परत जैसे थे होण्याचीही शक्यता. पण ही टेस्ट सुरुवात आहे, शेवट नाही. पीएच आला म्हणजे ताकद येईलच असं नाही, त्यासाठी नमुने बनवून, क्युअर करून, पाण्यात बुडवून, फोडून बघावे लागतात. मातीत सेंद्रिय पदार्थ १-२ टक्क्यांच्या वर गेले तर ह्युमिक ॲसिड कॅल्शियम गट्ट करतं आणि बाटलीत छान दिसणारी माती प्रत्यक्षात महिनाभराने पण मऊच राहते. कुजकट वास येणारी काळपट माती दिसली की मी आधीच सावध होतो.

बरं आकडा लॅबमध्ये नीट निघाला तरी तो जमिनीत पोचतो का, हा वेगळाच तमाशा. हिशोब करून बघा. ३०० मिलिमीटर जाडीचा थर, कोरडी घनता १.६ टन प्रति घनमीटर, म्हणजे एका चौरस मीटरखाली ४८० किलो कोरडी माती. ५ टक्के चुना म्हणजे २४ किलो. एका चौरस मीटरवर जवळपास २५ किलोची अख्खी गोण! हे ऐकून साइटवरचा माणूस पहिल्यांदा नेहमी म्हणतो "एवढा?" आणि मग अंदाजाने कमी मारतो. म्हणून आम्ही पसरवायच्या आधी एक चौरस मीटरचं ताडपत्रीचं फडकं जमिनीवर अंथरतो, मशीन वरून जाऊ देतो, फडकं उचलून वजन करतो. काही लोकांना हा संशयीपणा वाटतो. वाटू दे.

मिसळणं चुन्याच्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाचं आहे असं माझं आता पक्कं मत झालंय. मिसळून झाल्यावर एक खड्डा उकरायचा आणि त्याच्या उभ्या भिंतीवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारायचा. जिथे चुना आहे तिथे भडक गुलाबी होतं, जिथे नाही तिथे मातीचा रंग तसाच. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा आख्खी भिंत छान गुलाबी झाली आणि मी खूश झालो, मग जवळ जाऊन एक ढेकूळ फोडलं तर आत मुठीएवढा गोळा कोराच्या कोरा, वरून फक्त गुलाबी साल. बोराच्या आत बी असते तसं. असे शेकडो गोळे त्या थरात होते आणि प्रत्येक गोळा पाणी मिळालं की जुन्या स्वभावाप्रमाणे फुगणार होता. म्हणून जास्त चिकट मातीत एकदा मिसळून, पाणी मारून, हलकं दाबून २४ ते ७२ तास तशीच मुरत ठेवायची, तोवर ढेकळं भुसभुशीत होतात, मग दुसऱ्यांदा मिसळून पक्कं रोलिंग. कंत्राटदाराला हे मुरवणं म्हणजे वाया गेलेले दिवस वाटतात, मशीन उभं राहतं ना. पण म्हणून उघडं ठेवून आठवडे घालवायचे असंही नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला परत चुनखडी करून टाकतो आणि मग तो कोणाशी काही बोलत नाही.

अजून एक हमखास होणारं भांडण सांगतो. चुना मिसळला की मातीची जास्तीत जास्त कोरडी घनता कमी होते आणि लागणारी ओल वाढते, कारण ते गठ्ठे पोकळ रचलेले असतात. साइटवर घनतेची टेस्ट होते, आकडा जुन्या प्रॉक्टरशी (लॅबमध्ये माती ठोकून काढलेल्या जास्तीत जास्त घनतेशी) ताडला जातो, कमी येतो, आणि लगेच "कॉम्पॅक्शन फेल" म्हणून पत्र येतं. अरे बाबांनो, चुना टाकलेल्या मातीचा प्रॉक्टर वेगळा काढा आणि त्याच्याशी ताडा! तेही मुरवण्याला दिलेला वेळ लॅबमध्येही तेवढाच देऊन. हे पत्र मला इतक्या वेळा आलंय की उत्तराचा मसुदा मी तयारच ठेवलाय.

कळीचा चुना (भट्टीतून आलेला, पाणी न लागलेला) की विरवलेला, हा प्रश्न पण नेहमी येतो. माती पाण्याने भरलेली असेल तर कळीचा, कारण तो स्वतःच्या वजनाच्या साधारण ३२ टक्के पाणी नुसतं विरताना पितो आणि वर एवढी उष्णता सोडतो की जमिनीतून वाफा निघतात. १०० किलो कोरड्या मातीमागे ३ किलो टाकला तर जवळपास १ लिटर पाणी असंच गायब, वाफेचं वेगळं. पण कोरड्या जमिनीत तोच वापरलात तर पाणी मारत बसाल आणि न विरलेले खडे नंतर आत फुगतील. आणि कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, हे मी मस्करीत सांगत नाहीये. गॉगल, हातमोजे, वारा असेल तर काम बंद.

आणि सिमेंट? रेताड किंवा पोयट्यासारख्या मातीत सिमेंटच घ्यावं, तिथे चुन्याला खायला क्लेच नसते. चिकट मातीत मात्र सिमेंट नीट मिसळेपर्यंत त्याची सेट व्हायची वेळ होते, दोनेक तासांत दाबून मोकळं व्हावं लागतं. म्हणून कधी कधी आधी थोडा चुना, मग सिमेंट असं दोन टप्प्यांत करतात आणि ते छान जमतं. फ्लाय ॲशचं (कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रातल्या राखेचं) तसंच, चुन्याचं प्रमाण जास्त असलेली राख स्वतःच सेट होते, कमी असलेली नुसती टाकून काही होत नाही, सोबत चुना द्यावाच लागतो. भाताच्या तुसाची राख सिलिकाने भरलेली असते पण फार तापवून जाळली तर ते सिलिका स्फटिक होऊन बसतं आणि आळशी होतं. आणि ब्लास्ट फर्नेसचा दळलेला स्लॅग (लोखंड बनवताना भट्टीत उरणारी मळी), याच्याबद्दल मला वेगळं प्रेम आहे. एक तर चुन्याचा हिशोब केला तर १ किलो कळीचा चुना भाजताना नुसत्या दगडातूनच सुमारे ०.७८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा वेगळा, त्यामानाने स्लॅग आधीच तयार झालेला असतो. पण प्रेमाचं खरं कारण दुसरंच आहे आणि ते जरा लाजिरवाणं आहे.

एका गोडाउनच्या फ्लोअरखालचा थर आम्ही चुन्याने सुधारला होता. सगळं नियमाने, बाटल्यांची टेस्ट, फडक्याचं वजन, गुलाबी खड्डा, ७ दिवसांचे नमुने मस्त फुटले, म्हणजे उशिरा फुटले. आम्ही सगळे खूश. मग पाऊस झाला आणि काही आठवड्यांत थराला नांगरटीसारखे उंचवटे यायला लागले, पायाला जाणवतील असे, लांबच्या लांब. आधी वाटलं मिक्सिंग कमी पडलं. उकरलं तर माती ओलसर, ठिसूळ, मधून पांढरट रेषा. तुकडा मायक्रोस्कोपखाली पाठवला तर सुयाच सुया. एट्रिंगाइट.

होतं काय की मातीत जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट असेल, आणि तुम्ही चुना टाकून पीएच वाढवलात, तर क्लेमधून सुटलेलं अल्युमिना, चुन्याचं कॅल्शियम, जिप्समचं सल्फेट आणि भरपूर पाणी मिळून हे स्फटिक वाढतात, आणि दाबून घट्ट केलेल्या थरात त्यांना जागा नसते म्हणून ते थरच उचलतात. म्हणजे ज्या क्रियेवर आपण ताकदीसाठी विसंबलेलो असतो तीच उलटते. हे काही नवीन नाही, लास व्हेगासच्या स्ट्यूअर्ट अव्हेन्यूवर चुना टाकलेला थर असाच उचलला गेला होता आणि मिचेल यांनी १९८६ मध्ये ते सविस्तर मांडलं, आम्ही ते वाचलेलंही होतं. सल्फेटची टेस्ट केलीही होती! पण नमुना घेतला होता वरच्या अर्ध्या मीटरातला, आणि नंतर लेव्हल बदलली, कटिंग खाली गेलं, आणि जिप्समचा पट्टा होता खाली. सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट वापरलं असतं तर वाचलो असतो का, असं एकाने मीटिंगमध्ये विचारलं. ते सिमेंट स्वतःचं अल्युमिनेट कमी ठेवतं, पण इथे अल्युमिना माती देते, तिला कोण थांबवणार.

सगळ्यात झोंबलेली गोष्ट म्हणजे कटिंगच्या वेळी भिंतीत चमचमणारे पापुद्रे मी स्वतः बघितले होते आणि "अभ्रक दिसतोय" म्हणून पुढे गेलो होतो. काकांना नंतर फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "वाकवून बघितला होतास का?" अभ्रकाचा पापुद्रा वाकवून सोडला की सरळ होतो. जिप्समचा वाकला तर वाकलेलाच राहतो नाहीतर तुटतो. दहा सेकंदांचं काम होतं.

सल्फेटचे आकडे ढोबळ सांगायचे तर ३००० पीपीएम म्हणजे ०.३ टक्क्यांपर्यंत नेहमीच्या पद्धतीने निभावतं, मधल्या पट्ट्यात जास्त पाणी आणि जास्त दिवस मुरवणं, म्हणजे त्या सुया काय वाढायच्या त्या रोलिंगच्या आधीच वाढू देत, आणि ७-८ हजारांच्या वर गेलं की चुना-सिमेंट या वाटेलाच जाऊ नये. टेस्ट करताना पाणी भरपूर घ्या, जिप्सम एका लिटरमध्ये २ ग्रॅमच्या जरा वरच विरघळतं, कमी पाण्यात केलीत तर उरलेलं तळाशी बसून राहतं आणि रिपोर्ट साळसूद येतो. आणि स्लॅग इथे कामाला येतो, चुना अगदी थोडा, फक्त स्लॅगला जागं करण्यापुरता, बाकी सगळा स्लॅग. त्यात सल्फेट असलेल्या मातीचं फुगणं बरंच कमी होतं.

तर मित्राला मी दुसऱ्या दिवशी परत फोन केला. म्हटलं जिथवर खोदणार आहेस तिथवरची माती पाठव, वरची नको, आणि प्रत्येक थराची वेगळी पिशवी. कुरकुरत का होईना पण चार पिशव्या आल्या. तिसऱ्या पिशवीत नखाएवढा चकचकीत तुकडा होता. वाकवला. वाकलेलाच राहिला.

आता त्या मातीचे सहा नमुने स्लॅग आणि चुन्याचे, आणि दोन नुसत्या चुन्याचे, लॅबमध्ये पाण्यात बसलेत, वर फुगणं मोजायला डायल गेज. आज अकरावा दिवस. नुसत्या चुन्याच्या दोन्हींचे काटे हलायला लागलेत, स्लॅगवाले अजून शांत आहेत. मित्राचा रोज मेसेज येतो, "आकडा?" मी रोज गेजचा फोटो पाठवतो.